दुरुस्त आकड्यांची कैफियत

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जमिनीची मोजणी आता साखळीने क्वचितच होते. भूकरमापक वाडीच्या कोपऱ्यावर एक दांडा उभा करतो, दांड्याच्या माथ्यावरील यंत्र आकाशातील उपग्रहांचे संदेश टिपते, दूरवरच्या कायम स्थानकाकडून त्याला दुरुस्तीचे आकडे अखंड मिळत राहतात, आणि थोडक्या वेळात हद्दीच्या खुणेचे स्थान सेंटिमीटरच्या हिशेबाने पडद्यावर उमटते. सर्व्हे ऑफ इंडियाने महाराष्ट्रात अशी ७७ स्थानके उभारली आहेत; २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरमालकांना सनदा देण्याचे जे काम चालते, तेही अशाच स्थानकांच्या भरवशावर. ज्या मुलखात एके काळी पाच हात पाच मुठींच्या काठीने पैमाश झाली, तेथे ही सुधारणा यावी यात आनंदच आहे. तक्रार एवढीच की यंत्राने मोजलेला आकडा आणि खातेदाराच्या हाती पडणारा आकडा यांच्यामध्ये दुरुस्त्यांची जी लांबलचक मालिका असते, तिचा मागमूस मोजणीच्या ‘क’ प्रतीवर सामान्य माणसाला दिसत नाही, आणि ‘उपग्रहाने मोजले आहे’ या एका वाक्यापुढे गावातील जाणत्या वृद्धाचीही जीभ अडखळते.

उपग्रह स्वतः काहीच मोजत नाही. तो घड्याळ पाहून वेळ सांगतो. तो संदेश आपल्यापर्यंत यायला किती काळ लागला यावरून खालचे यंत्र अंतर काढते, आणि प्रकाशाचा वेग असा की सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३० सेंटिमीटरने चुकते. या हिशेबातील काही दोष आधीपासून ठाऊक असतात आणि ते निमूटपणे दूर होतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांच्या मानाने दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, म्हणून ती पाठवण्यापूर्वीच तेवढी मंद करून ठेवलेली असतात. खरी अडचण वाटेतल्या हवेची आहे. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, सूर्याच्या तेजाने विद्युद्‌भारित झालेले कण संदेशाला रेंगाळवतात. आपण विषुववृत्ताच्या जवळ राहतो, त्यामुळे हा थर आपल्यावर युरोपपेक्षा दाट आणि फार अधिक चंचल असतो, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सूर्यास्तानंतरच्या काही तासांत. विमानांच्या मार्गदर्शनासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही यंत्रणा उभारली तेव्हा परक्या अक्षांशांसाठी रचलेले गणित येथे जसेच्या तसे लागू पडेना, म्हणून भारतीय आकाशासाठी स्वतंत्र प्रतिमान घडवावे लागले. त्याखालच्या थरात पावसाळी आर्द्रतेचा उपद्रव, आणि जमिनीपाशी आल्यावर नारळी-पोफळीच्या झावळ्यांचा: संदेश सरळ न येता पत्र्याच्या छपरावरून, चिऱ्याच्या भिंतीवरून किंवा ओल्या पुळणीवरून परावर्तित होऊन आला, तर त्याने केलेला वळसा यंत्र अंतरातच जमा करते. चौलच्या किंवा नागावच्या दाट वाडीत उभे राहून मोकळ्या माळावरची अचूकता अपेक्षिणे व्यर्थ आहे.

कायम स्थानकांची योजना यावर उत्तम उपाय आहे, कारण ज्याचे स्थान आधीच निश्चित आहे अशा ठिकाणी यंत्राला किती चूक दिसते हे पाहून तीच चूक शेजारच्या मोजणीतून वजा करता येते. परंतु किनाऱ्याची एक जन्मजात उणीव आहे, जिचा उल्लेख फारसा कोणी करीत नाही. देशावरच्या गावाला चहूबाजूंनी स्थानके असतात आणि दुरुस्ती त्यांच्या मधोमध ठरते. श्रीवर्धनला किंवा मुरुडला पूर्वेकडे स्थानके आहेत, पश्चिमेकडे अरबी समुद्र आहे. तेथील दुरुस्ती एका बाजूच्या माहितीवरून पुढे ताणलेली असते, आणि असे ताणलेले अनुमान मधल्या अनुमानाइतके विश्वसनीय असू शकत नाही. म्हणजे ज्या पट्टीत जागेचा भाव सर्वांत चढा आणि नियम सर्वांत कडक, नेमक्या त्याच पट्टीत दुरुस्तीचा आधार सर्वांत लंगडा.

अशा प्रसंगी काय करावे याचा वस्तुपाठ याच जिल्ह्यात, अलिबागला, शंभर वर्षांहून अधिक काळ डोळ्यांसमोर उभा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील उद्रेकामागून जे प्रचंड चुंबकीय वादळ आले, त्यात क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद याच वेधशाळेने करून ठेवली, आणि त्या नोंदीवरून एकविसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता ठरवली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाले. रुळांतून जमिनीत पाझरणाऱ्या विद्युत्प्रवाहाने सुईला खोटी थरथर सुटणार हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय उपकरणे खाडीपलीकडे अलिबागला हलवण्याचा निर्णय घेतला. लोखंडाचा स्पर्श टाळून, पोरबंदरी दगडाची वेधशाळा बांधली गेली, आणि ट्रामा १९०७ मध्ये धावू लागण्यापूर्वीच, १९०४ मध्ये, अलिबागचे काम सुरू झाले.

येथवरची हकीकत कोणत्याही दक्ष अधिकाऱ्याला शोभणारी आहे. मूस यांचे मोठेपण यापुढच्या दोन वर्षांत आहे. अलिबागचे वेध सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याचे वेध बंद केले नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेवली, जेणेकरून जागा बदलल्यामुळे आकड्यांत जो फरक पडला तो मोजून काढता यावा आणि जुन्या साठ वर्षांची मालिका नव्या मालिकेशी प्रामाणिकपणे जोडता यावी. आणि १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या काळातील सर्व निरीक्षणे त्यांच्या चिकित्सेसह दोन भागांत छापून कोणाही अभ्यासकाच्या हाती दिली. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, पनवेलला आहे. योगायोगाची गोष्ट अशी की अलिबागची सुई ज्या वादळांची नोंद करते, तीच आयनांबराला ढवळून उपग्रहावरची मोजणी बिघडवतात. १० मे २०२४ च्या वादळात अमेरिकेतील शेतकऱ्यांना ऐन पेरणीत उपग्रहाच्या आधारे चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. त्या रात्री किंवा तशा एखाद्या रात्रीच्या आसपास आपल्याकडे झालेल्या मोजणीचा दाखला कोणी तपासून पाहिला असेल, असे मानण्याइतका मी आशावादी नाही.

भूमीची उंची मोजणाऱ्या लेसरची कथा थोडी निराळी आहे. विमानातून किंवा ड्रोनमधून प्रकाशाचे स्पंद खाली सोडायचे, ते परत येण्यास लागलेल्या काळावरून भूपृष्ठाची उंची काढायची, आणि लक्षावधी बिंदूंतून भूमीचा आराखडा उभा करायचा, असा हा प्रकार. त्यात विमानाचे स्थान उपग्रहावरून ठरत असल्याने आधीचे सर्व दोष वारशाने येतातच; शिवाय यंत्र विमानाला ज्या कोनात बसवले आहे असे आपण समजतो त्यात अंशाच्या शंभराव्या भागाचा फरक असला, तर १००० मीटर उंचीवरून खालचा बिंदू १७ सेंटिमीटर सरकतो. हा दोष सापडतो, कारण शेजारच्या दोन फेऱ्यांत एकाच कौलारू घराचा आढा दोन जागी दिसतो आणि दोन्ही आढे एकावर एक येईपर्यंत कोन दुरुस्त करता येतो. जो दोष असा दुहेरी दिसत नाही, त्याचे मात्र भय बाळगले पाहिजे. यदृच्छेने होणारी चूक कधी इकडे तर कधी तिकडे पडते आणि पुष्कळ मोजमापांची सरासरी घेतली की विरते. पण वाण्याच्या तागडीला चोरून बांधलेल्या पासंगाप्रमाणे जी चूक नेहमी एकाच बाजूला झुकते, ती शंभर वेळा मोजूनही तेवढीच राहते.

धरमतरच्या किंवा राजपुरीच्या खाडीकाठी असे पासंग एकापेक्षा अधिक आहेत. कांदळवनाची पाने आणि वर आलेली श्वसनमुळे इतकी दाट असतात की पुष्कळसे स्पंद चिखलापर्यंत पोहोचतच नाहीत. मधल्या पसाऱ्यावरून परतलेल्या प्रकाशालाच संगणक जमीन समजतो आणि जमीन असते त्याहून उंच ठरते. नेहमीच्या लेसरचा अवरक्त प्रकाश पाणी गिळून टाकते, त्यामुळे ओल्या चिखलावरून उत्तर क्षीण येते. पाण्यात शिरणारा हिरवा लेसर आमच्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात फार खोल जात नाही. याच्या नेमका उलट प्रकार खारबांधाचा. पेण-अलिबाग भागात खाडीचे पाणी अडवून पिकवलेल्या शेतांची शिलोत्री वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि तिचा सगळा जीव बांधाच्या माथ्यात. तो माथा अरुंद असतो. बिंदू विरळ पडले तर त्याची उंची दोन्ही उतारांच्या उंचीत मिसळते आणि बांध आहे त्याहून ठेंगणा दिसतो. परिणामी उधाणाच्या पाण्याचा जो नकाशा संगणक काढतो, त्यात कांदळवनामागची सखल जमीन सुरक्षित आणि धडधाकट बांध फुटलेला, असे दोन्ही बाजूंनी विपरीत चित्र निघू शकते. गावकऱ्याला ते पाहताक्षणी कळेल. पण नकाशा मंजूर होण्यापूर्वी त्याला दाखवला तर.

उंचीच्या बाबतीत आणखी एक गोंधळ आहे, आणि तो शून्याचाच आहे. उपग्रहाचे यंत्र उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. हिंदी महासागराच्या परिसरात गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने आमची खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या कितीतरी खाली बसलेली आहे. त्यामुळे अलिबागच्या पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाची उंची यंत्राच्या मूळ हिशेबात उणे साठ मीटरांहूनही खाली भरते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरील उंची वेगळ्याच शून्यापासून आहे: नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून, ज्यांत मुंबईचे अपोलो बंदरही होते, १९०९ मध्ये ठरवलेल्या सरासरी समुद्रसपाटीपासून. आणि बंदरखात्याच्या भरतीच्या कोष्टकातले शून्य मुंबईला त्या सपाटीच्याही सुमारे अडीच मीटर खाली. ही तीन शून्ये एकमेकांत बदलताना झालेली वीतभर चूक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

वीतभर चुकीने काय बिघडते, असे विचारणाऱ्याने उताराचा हिशेब करावा. पन्नास मीटरांत एक मीटर चढणाऱ्या पुळणीवर उंचीत १० सेंटिमीटरांची चूक झाली, तर त्या उंचीची रेषा ५ मीटर सरकते. पाचशे मीटरांत एक मीटर चढणाऱ्या खारपट्टीत तीच ५० मीटर सरकते. आणि १८ जानेवारी २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागात बांधकामाला मनाई केलेली पट्टी भरतीरेषेपासून ५० मीटर ठेवली आहे, इतरत्र २०० मीटर. भरतीरेषा केवळ उंचीवरून ठरत नाही, तिला जमिनीच्या खुणांचाही पुरावा लागतो, हे खरे. तरीही जेथे उंचीच्या रेषांवर धोक्याची पट्टी आखली जाते तेथे संपूर्ण मनाईची रुंदी चुकीच्या एका पदरात सामावू शकते. एका बाजूला कोळ्याच्या घराची दुरुस्ती अडते, दुसऱ्या बाजूला एखाद्या धनिकाचा बंगला नियमांत बसतो, आणि दोघांनाही नकाशावरची रेषा सारखीच ठळक दिसते.

जुन्या पैमाशीच्या दप्तराकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. साखळीवाल्या मोजणीदाराचे टिपण ओबडधोबड असे, पण त्यात पायारेषा कोणती धरली, तिच्यापासून डावी-उजवीकडे किती अंतरावर बांधाचा कोपरा आला, हे कच्चे आकडे जसेच्या तसे लिहिलेले असत. ऐंशी वर्षांनी दुसरा मोजणीदार तेच टिपण घेऊन शेतात उतरला तर पहिल्याची चूक कोठे झाली हे त्याला शोधून काढता येई. नव्या नकाशावर निव्वळ निष्कर्ष असतो. म्हणून माझी मागणी आहे ती अशी की यापुढे प्रत्येक ‘क’ प्रतीवर आणि किनाऱ्याच्या प्रत्येक सरकारी नकाशावर मोजणीची तारीख व वेळ, दुरुस्ती कोणत्या स्थानकांवरून घेतली, उंचीचे शून्य कोणते आणि चुकीची संभाव्य मर्यादा किती, हे स्पष्ट मराठीत छापावे. कच्ची निरीक्षणे जतन करावीत आणि खातेदाराने अर्ज केला तर माफक फीमध्ये त्यांची नक्कल मिळावी. हे आकडे यंत्र स्वतःच नोंदवून ठेवते. ते छापायला वेगळ्या खात्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल: चुकीची मर्यादा सरकारनेच लिहून दिली, तर वकिलांना आयतेच कोलीत मिळेल आणि दिवाणी दावे वाढतील. मला उलट वाटते. आज दोन मोजण्यांत चार बोटांचा फरक निघाला की भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात, कारण दोन्ही नकाशे आपण पूर्णतः खरे असल्याचा आव आणतात. फरक छापील मर्यादेच्या आत आहे असे दाखवता आले, तर तो वाद पहिल्याच सुनावणीत निकाली निघण्यासारखा आहे. ज्या वादात फरक मर्यादेबाहेर जाईल, तो वाद खराच असेल आणि कोर्टाने तो ऐकलाच पाहिजे.

तारखेचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे, आणि जगाच्या चौकटीत दिलेले अक्षांश-रेखांश त्या मानाने जुने होत जातात. वीस वर्षांत हा फरक मीटरभर होतो, तर गुंठ्याची बाजू अवघी ३३ फुटांची, म्हणजे १०.०६ मीटरांची. शेजाऱ्याची जमीनही बरोबरच सरकत असल्याने बांध जागच्या जागी राहतो. पण आज काढलेला नकाशा २०४५ मधल्या मोजणीवर ठेवून पाहणाऱ्या कारकुनाला, आपण कोणत्या वर्षाचे आकडे कोणत्या वर्षाच्या आकड्यांशी ताडतो आहोत हे कागदावरून कळले नाही, तर तो बांध मीटरभर रेटल्याचा ठपका बिचाऱ्या खातेदारावरच ठेवील.