दोन पेपरांच्या मधली सुट्टी

जानेवारीच्या तीन तारखेला आमच्या शेजारच्या नायगावात सावित्रीबाईंच्या जयंतीची गर्दी होते. ती ओसरली, की इकडे शिरवळच्या घराघरांतून एकच विषय सुरू होतो, स्कॉलरशिपचा. गेली काही वर्षं ही परीक्षा बहुधा फेब्रुवारीतच होत आली आहे. मग मुलांचं क्रिकेट बंद, टीव्ही बंद, मामाकडचं लग्न असलं तरी "आम्ही तोंड दाखवून येतो, त्याची परीक्षा आहे". आणि शाळेच्या फाटकाशी एखादी आई मला गाठते. "बाई, अभ्यास सगळा झालाय हो, पण सकाळी उठला की पोटात दुखतं म्हणतो."

खरंच दुखतं त्याच्या पोटात. ते नाटक नसतं. ताप किंवा उलटी असेल तर सरळ डॉक्टर गाठावा, पण रविवारी न दुखणारं पोट सराव परीक्षेच्या सकाळीच दुखत असेल, तर त्याचं औषध आपल्याच घरात शोधायला हवं. आणि बहुतेक वेळा त्या भीतीचं कारण एकच असतं. नेमकं काय होणार आहे, हे मुलाला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. परीक्षेबद्दल सगळे बोलतात, पण ती असते कशी ते कुणी दाखवत नाही.

तर आधी आपणच समजून घेऊ. आपल्या वेळी ही परीक्षा चौथीत आणि सातवीत होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय शासनाने घेतला. त्यामुळे तुमच्या मुलाला ती कोणत्या वर्षी द्यायची, हे शाळेतच विचारा, शेजारणीला नको. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पाचवीच्या परीक्षेचे एकाच दिवशी दोन पेपर होत आले आहेत. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपर ७५ प्रश्नांचा, १५० गुणांचा आणि दीड तासाचा. हिशेब केलात तर एका प्रश्नाला बहात्तर सेकंद येतात. फोडणीत मोहरी तडतडून कांदा परतायला घेईपर्यंत एवढा वेळ जातोच. पण हा हिशेब तुमच्यापाशी ठेवा. मुलाच्या डोक्याशी घड्याळ धरून बसू नका. त्याला एवढंच सांगा, की येतं ते आधी सोडव, अडलं की पुढे जा, आणि मग मागे ये.

मागे येण्यातच खरी गोम आहे. उत्तरं वेगळ्या छापील कागदावर गोल काळे करून द्यायची असतात, तीही पेनाने. एकदा गोल रंगवला की खोडता येत नाही. एक प्रश्न सोडून पुढे गेलेलं मूल उत्तरपत्रिकेवर मात्र सोडलेल्याच ओळीत गोल रंगवतं, आणि तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. हुशार मुलांचे गुण जातात ते असे. म्हणून घरी गोलांचा कागद आखून द्या आणि प्रश्नाचा आकडा ओठांतल्या ओठांत म्हणत गोल रंगवायची सवय लावा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही सांगून ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत एकही ओळ कोरी ठेवायची नाही. एवढं कळलं तरी मुलाचा अर्धा जीव भांड्यात पडतो. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात, त्या आयांनी तेवढी सूचना वेगळी वाचावी.

आता बुद्धिमत्ता चाचणी. या नावानेच घात केला आहे. त्यात कमी गुण पडले की "याला बुद्धीच कमी" असं घरातली मोठी माणसं मुलासमोर बोलून मोकळी होतात. अहो, तो प्रश्नांचा एक प्रकार आहे, आणि सरावाने तो येतो. भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभं करून विचारा, यंदा पंधरा ऑगस्ट बुधवारी असता तर त्या महिन्यातला शेवटचा बुधवार किती तारखेला आला असता? (एकोणतीस.) भाजी निवडताना विचारा, तुझ्या आत्याच्या भावाची आई तुझी कोण? सासूबाई तिथेच बसलेल्या असतील तर उत्तर लगेच मिळेल. आमच्या स्टँडवर पुण्याकडे तोंड करून उभं राहिलं की भोर कोणत्या हाताला आणि सातारा कुठे, हा दिशांचाच प्रश्न झाला. दुधाच्या पिशवीवरची अक्षरं आरशात धरून वाचायला लावा. आठवड्याभरात पोरं आपल्यालाच कोडी घालायला लागतात, आणि आपल्याला येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

पण मला खरं बोलायचंय ते मधल्या सुट्टीबद्दल. पहिला पेपर सुटतो आणि दुसरा सुरू होतो, त्यामध्ये तास-दीड तास असतो. केंद्राच्या फाटकाबाहेर आपण बायका डबे घेऊन उभ्या असतो. मागे एका केंद्रावर मी पाहिलं. एक मुलगी हसत बाहेर आली, पेपर छान गेला म्हणाली. आईने डबा उघडेपर्यंत शेजारच्या बाईंनी विचारलं, "दहाव्याचं काय लिहिलंस गं?" ती म्हणाली, "दोन." "आमच्याने तर तीन लिहिलंय!" झालं. मुलीचा घास हातात राहिला. तिने प्रश्नपत्रिका काढली, मग आईनेही पाहिलं, मग तिघी-चौघी जमल्या. पाच मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, की दोघांचे संच वेगळे आहेत. ए, बी, सी, डी अशा संचांत प्रश्नांचा क्रम वेगळा असतो, एकीचा दहावा तो दुसऱ्याचा बाविसावाही असू शकेल. उत्तर तिचं बरोबरच होतं. पण तोवर तिने डबा बाजूला ठेवला होता आणि डोळे लाल झाले होते. इंग्रजी आणि बुद्धिमत्तेच्या दीडशे गुणांच्या पेपराला ती तशीच जाऊन बसली.

त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. काळजीपोटीच आपण विचारतो. पण त्या तास-दीड तासात प्रश्नपत्रिका आपल्या पिशवीत घालायची आणि पिशवीची चेन लावायची. कुणी विचारलंच तर "संध्याकाळी बघू हो" म्हणावं, हसून. डब्यात नेहमीचंच असावं, पोळी-भाजी, दहीभात. खास म्हणून केलेले गुलाबजाम त्या दिवशी नकोत, दुपारी झोप येते. थोडं चालू द्या, लघवीला पाठवा, मित्रांशी गप्पा मारू द्या. अभ्यासाचं पुस्तक बरोबर नेऊच नये, या मताची मी आहे.

संध्याकाळी उत्तरं ताडून बघायची घाईही नको. परिषद आधी अंतरिम उत्तरसूची देते, तिच्यावर आक्षेप मागवते आणि मग अंतिम सूची लागते. आज चूक धरलेलं उत्तर उद्या बरोबर ठरू शकतं. क्लासच्या सरांनी मोबाईलवर पाठवलेल्या उत्तरांवरून मुलाला रागावणं तर सोडूनच द्या.

आणि निकाल. दोन्ही पेपरांत ४० टक्के मिळाले की मूल पात्र ठरतं. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीतल्या ठरावीक मुलांनाच मिळते. अलीकडच्या दरांनी पाचवीला वर्षाला ५००० रुपये, आठवीला ७५००. पैसे मोलाचेच आहेत, कारखान्यात पाळ्या करणाऱ्या आमच्या इथल्या घरांना तर फारच. पण यादीत नाव नाही म्हणजे नापास, असं समजून घरात सुतक धरतात ते चूक आहे. पात्र ठरलेल्या मुलाला ते पात्र ठरलंय हे आवर्जून सांगा, आजीसमोर सांगा.

शाळेतून होणाऱ्या पायाभूत आणि संकलित चाचण्यांचाही हल्ली काही आया धसका घेतात. वर्गाला काय आलं, काय राहिलं हे शिक्षकांना कळावं म्हणून त्या असतात. त्यासाठी क्लास लावायची काही गरज नाही. नवोदय आणि सैनिक स्कूलचं वेगळं, त्यांचे नियम त्यांच्या माहितीपत्रकातूनच वाचा. आणि एकाच वर्षी तिन्ही परीक्षांना एकच मूल जुंपू नका, एवढं माझं ऐका.

राहिली पेनाची गोष्ट. परीक्षेसाठी म्हणून नवं कोरं पेन देऊ नका, ते ऐनवेळी उमटत नाही. महिनाभर वापरातली दोन बॉलपेनं द्या, आणि ओळखपत्राबरोबर ती आदल्या रात्रीच दप्तरात टाकून ठेवा. जमलं तर मुलाच्याच हातून.