पाडवा ते पाडवा : दोन नोकऱ्यांमधल्या मोकळ्या दिवसांचा इतिहास

१/ नव्या नोकरीचे पत्र हाती पडते आणि विचारणा होते, 'रुजू कधी होणार?' जुनी नोकरी शुक्रवारी सुटणार असते, तरी बहुतेक तरुण 'सोमवारी' म्हणून मोकळे होतात. मधले पंधरा दिवस मागण्याचा हा संकोच केवळ स्वभावाचा नव्हे. त्याला इतिहास आहे.

२/ महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात शेतावरचा सालगडी वर्षाच्या बोलीने राही. अनेक ठिकाणी हे साल गुढीपाडव्याला संपे आणि त्याच दिवशी नवे सुरू होई. मोबदला काही रोख, काही धान्य, काही कपडालत्ता. धनी बदलण्याची संधी वर्षातून एकदाच, तीही सणाच्या दिवशी.

३/ कागदावर गडी स्वतंत्र होता, पण त्याच्या अंगावर 'उचल' असे. ती फिटल्याशिवाय जुना धनी सोडत नसे. पुष्कळदा नवा धनीच ती फेडी आणि गडी नव्या कर्जासह नव्या वाड्यात जाई. घर बदले, देणे तेच राही. मग मधले मोकळे दिवस कोणाकडे मागायचे?

४/ साल चालू असताना चुकलेला दिवस म्हणजे 'खाडा'. तो भरून द्यावा लागे किंवा मोबदल्यातून कापला जाई. हा शब्द आजही ऊसतोडीच्या फडावर जिवंत आहे. मुकादमाची उचल घेतलेल्या जोडप्याला आजारपणाचाही खाडा पडतो.

५/ शहरात वेगळी वाट निघाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या कामगारांना रविवार मिळाला. सहा वर्षे लागली, कारण एकट्याने मागितलेली सुटी ही विनवणी ठरते. हजारोंनी मागितली की तो करार होतो.

६/ खेड्यात असे बळ कुठून येणार? १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. धन्याला नकार देणाऱ्यासाठी सरकारी कामाचा दुसरा दरवाजा उघडला.

७/ तिसरा दरवाजा नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने उघडला. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव रिते होत गेले. माणसे मजुरीसाठी शहरांकडे निघाली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजना, रोजगार हमीची कामे आणि श्रमदान यांतून डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध घातले गेले.

८/ ऊस आणि केळी यांवर बंदी, सिंचनासाठी कूपनलिका नाहीत, पाण्याचा दरवर्षी ताळेबंद. १९९५ मध्ये येथे १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ही संख्या तीनवर आली. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परतली. या कथेचे कौतुक पाणलोटाचे नमुनेदार काम म्हणून होते. ती श्रमाच्या इतिहासातही वाचली पाहिजे.

९/ कारण विहिरीला पाणी आणि दावणीला दुभते जनावर असलेला माणूस मजुरीच्या बोलीला 'आत्ता नको, पेरणी उरकल्यावर येतो' असे म्हणू शकतो. उचल घेतलेल्याला हे वाक्य परवडत नाही. मोकळा दिवस मिळतो तो धन्याच्या औदार्यातून नव्हे, नकार देण्याच्या ऐपतीतून.

१०/ आक्षेप रास्त आहे : पाण्याचा पहिला लाभ जमीनवाल्याला होतो, भूमिहीनाला नाही. खरेच. म्हणून पाण्याच्या जोडीला हमीचे काम आणि संघटना यांचीही गरज उरते. एका दरवाजाने भागत नाही.

११/ आजचा पगारदार गृहकर्जाचा हप्ता घेऊन नव्या कंपनीत शिरतो, तेव्हा उचलीचेच आधुनिक रूप त्याच्यासोबत असते. दोन महिन्यांचा खर्च गाठीशी असेल, तर पंधरा दिवस मागताना आवाज कापत नाही. आणि मागायचेच, तर होकार कळवण्यापूर्वी, तारखेसह, लेखी मागावे. सालगड्याला पाडव्याच्या आधीच बोली करावी लागे. पाडवा उलटल्यावर बोलीला अर्थ उरत नसे.