पाळणाघराचा खर्च कोणाच्या नावे?

प्रसूतिरजा संपत आली की नोकरदार स्त्रीच्या घरात एक प्रश्न दबक्या पावलांनी शिरतो. प्रारंभी तो कोणी स्पष्ट उच्चारत नाही. "आणखी सहा महिने मिळाले असते तर बरे झाले असते," असे सासूबाई सहज म्हणतात, "इतक्या तान्ह्या बाळाला ठेवून जाववेल का गं तुला?" असे माहेरून दूरध्वनीवर विचारले जाते. अखेर एका रात्री, बाळ झोपल्यावर, पतिपत्नी कागद घेऊन हिशेबाला बसतात. तिच्या पगारातून पाळणाघराची फी वजा, वरकामाच्या बाईंचे पैसे वजा, येण्याजाण्याचा खर्च वजा. खाली जो आकडा उरतो त्याकडे पाहून कोणीतरी म्हणतेच, "एवढ्यासाठी का ही ओढाताण?"

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आणि व्यवसायाने बँक अधिकारी. नोकरीवर परतणे आणि काही काळ घरी राहणे हे दोन्ही निर्णय मला सारखेच सन्मान्य वाटतात. माझा आक्षेप आहे तो त्या कागदावरील मांडणीला. ज्या हिशेबावर एका माणसाच्या पुढील तीस वर्षांचा निर्णय अवलंबून आहे, त्यात खर्चाची रक्कम चुकीच्या खात्याला नावे टाकलेली असते.

मूल दोघांचे असते, कुटुंबाचे असते. मग त्याच्या संगोपनाचा खर्च केवळ आईच्या पगारातून का वजा व्हावा? घराचा हप्ता, किराणा, विजेचे बिल वडिलांच्या पगारातून वजा करून "उरलेल्या रकमेसाठी यांनी नोकरी करावी की नाही?" असा प्रश्न कोणत्याही घरात विचारला जात नाही. योग्य पद्धत अशी की दोघांचे उत्पन्न एकत्र जमेस धरावे आणि पाळणाघरासह घराचा सर्व खर्च त्यातून वजा करावा. कोणी म्हणेल, वजाबाकी कोठेही केली तरी घरातील शिल्लक तेवढीच राहणार. हे खरेच आहे. शिल्लक बदलत नाही, परंतु प्रश्न बदलतो. "तिची नोकरी परवडते का?" या प्रश्नाची उत्तरे दोनच, होय किंवा नाही. "आपल्या कुटुंबाने या बाळाच्या संगोपनाची व्यवस्था कशी करावी?" या प्रश्नाची उत्तरे अनेक असू शकतात. त्यात वडिलांच्या कामाच्या वेळा येतात, त्यांची रजाही येते.

दुसरा दोष मुदतीचा. पाळणाघराचा मोठा खर्च तीन-चार वर्षांचा असतो, तर नोकरीचा पल्ला पंचवीस-तीस वर्षांचा. वाणिज्य शाखेत महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतील भेद प्रारंभीच शिकवला जातो. ज्या खर्चाचा लाभ पुढे अनेक वर्षे मिळणार आहे, तो सगळा एकाच वर्षाच्या उत्पन्नातून वजा करून धंदा तोट्यात आहे असे म्हणता येत नाही.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. समजा, तिच्या हाती दरमहा ४०,००० रुपये पडतात. पाळणाघर १०,०००, वरकाम ४,०००, प्रवास ४,००० आणि किरकोळ २,००० रुपये. उरले २०,०००. हाच तो "एवढासा" आकडा. मात्र तिची स्वतःची आणि नियोक्त्याची मिळून निवृत्तीसाठी दरमहा ६,००० रुपयांची वर्गणी जमा होत असेल, तर ती हाती पडत नाही म्हणून या कागदावर येतच नाही. पाच वर्षे ती थांबली तर ३ लाख ६० हजार रुपये भरले जात नाहीत. वार्षिक ८ टक्के व्याज धरल्यास पाच वर्षांअखेर ही रक्कम सुमारे ४ लाख २२ हजार झाली असती, आणि पुढे पंचवीस वर्षे न काढता त्याच दराने वाढली असती तर सुमारे २९ लाख. तीस वर्षांनंतरच्या २९ लाखांचे मोल महागाईमुळे आजच्यापेक्षा बरेच कमी असेल, हे मान्य. तरीही ती रक्कम शून्य नव्हे; आणि आपल्या कागदावर तिची जागा कोरी असते. त्या कोऱ्या जागेत वार्षिक वेतनवाढी, सेवाज्येष्ठता, पदोन्नती आणि कार्यालयामार्फत मिळणारा आरोग्यविमाही येतो. अर्थशास्त्राच्या २०२३ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले की, समान व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या उत्पन्नातील तफावत मुख्यतः पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर रुंदावत जाते.

या विवेचनावरून मी प्रत्येक आईला सव्विसाव्या आठवड्यानंतर कार्यालयात पाठवू पाहते, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. बाळाचे पहिले वर्ष कोणत्याही खातेवहीत बसत नाही. जन्मानंतर पहिले सहा महिने केवळ स्तनपान असावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रजा संपते ती नेमकी या सुमारास. एखादे बाळ अशक्त असते, एखाद्या आईची प्रकृती सावरलेली नसते, एखाद्या गावी विश्वासाचे पाळणाघरच नसते. शिवाय, "मला माझ्या बाळाजवळ राहायचे आहे," हे कारण स्वयंपूर्ण आहे. त्याला आकड्यांचा टेकू लागत नाही. माझे म्हणणे इतकेच की, जे कारण मनाचे आहे ते मनाचे म्हणून सांगावे. त्याला चुकीच्या वजाबाकीचे वस्त्र नेसवू नये. कारण पुढे दहा वर्षांनी मन विसरले जाते आणि "तेव्हा तुझी नोकरी परवडतच नव्हती," एवढेच वाक्य घरात उरते.

खर्च कोणी सोसावा, हा वाद नवा नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. त्यानंतर मुंबई प्रांताने १९२९ साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी असा कायदा केला. त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ साली बोलताना, मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतली होती. स्वतंत्र भारतात १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची सवेतन रजा सव्वीस आठवड्यांची झाली, तर दोन अपत्ये हयात असतील तर पुढील वेळी ती बाराच आठवडे राहिली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा बंधनकारक झाली. या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेण्यात आल्या. कायद्याने भार मातेवरून काही अंशी नियोक्त्याकडे सरकवला. घरातील वाटणी मात्र घरानेच करायची आहे.

आणि येथेच गाडे अडते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. आई नोकरीवर परतते तेव्हा तिच्या आठ तासांची सोय लावली जाते. या २८९ मिनिटांचा विचार कोणी करत नाही.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या बाबतीत बदलीचाही प्रश्न असतो. माझी पहिली रजा संपली तेव्हा आम्ही वडोदऱ्यात होतो. सासर नाशिकचे, माहेर सोलापूरचे. इंदूर, हैदराबाद वा बंगळुरूत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांचा अनुभव असाच असेल. आजी चार महिने येऊन राहते आणि सगळे म्हणतात, "पाळणाघराचा खर्च वाचला." तो वाचत नाही, तो आजीच्या गुडघ्यांवर आणि तिच्या मागे राहिलेल्या घरावर पडतो. तसेच, आपल्या बाळाला सांभाळणाऱ्या बाईंचे मूलही कोणाकडे तरी असते, आणि त्यांना सव्वीस आठवड्यांची सवेतन रजा मिळालेली नसते. त्यांच्या पगारात घासाघीस करून आपला हिशेब जुळवू नये.

काही काळ थांबण्याचे ठरले, तर बँकेच्या टेबलामागून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. राजीनामा देण्यापूर्वी बिनपगारी किंवा दीर्घ रजेचा नियम लेखी विचारावा. कायम नोकरीत उपदानासाठी सामान्यतः पाच वर्षांची अखंड सेवा लागते, आणि सवेतन प्रसूतिरजा त्या सेवेत धरली जाते. साडेचार वर्षांनी राजीनामा देणाऱ्या स्त्रीने दिनदर्शिका एकदा पाहावी. भविष्यनिर्वाह निधी काढून खर्च करू नये. गृहकर्ज दोघांच्या उत्पन्नावर घेतले असेल तर हप्ता तपासावा: ३० लाखांचे कर्ज, २० वर्षे, ९ टक्के व्याज, म्हणजे सुमारे २७,००० रुपये. दोघांचे मिळून ९०,००० असताना तो तीस टक्के होतो. एकाच्या ५०,००० वर तो निम्म्याहून अधिक. हप्ता थकण्यापूर्वी बँकेत या. थकल्यानंतर आमच्या हाती फारसे काही नसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती घरी राहते त्या काळात तिच्या नावाने बचत थांबू नये. तिचे स्वतःचे सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे (पीपीएफ) खाते असावे आणि घराच्या उत्पन्नातून दरमहा त्यात भरणा व्हावा. राष्ट्रीय पेन्शन योजनेतही २००९ पासून नोकरी नसलेल्या व्यक्तीला सहभागी होता येते. ही पतीची मेहेरबानी नव्हे. कुटुंबासाठी तिने जे उत्पन्न सोडले, त्यातील निवृत्तीचा वाटा कुटुंबाने तिला परत करायचा आहे.

परतण्याचे ठरले, तर शाखेतील सहकाऱ्यांनाही एक विनंती. नुकतीच परतलेली अधिकारी 'आता हिला जमणार नाही' या समजुतीने बिनमहत्त्वाच्या टेबलावर बसवू नये. तिला काय हवे ते तिलाच विचारावे. आणि एखाद्या सहकाऱ्याने बाळाच्या लसीकरणासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर "घरी बायको नाही का?" असे त्याला हसू नये. त्या एका हसण्याने ती रजा पुन्हा आईच्याच खात्याला नावे पडते.

निर्णय कोणताही होवो, त्यावर तारीख घालावी आणि वर्षभराने दोघांनी पुन्हा बसावे. तोवर बाळ चालू लागलेले असेल, आजीची प्रकृती बदललेली असेल, कदाचित बदलीचा आदेशही आलेला असेल. जुन्या आकड्यांवर नवे वर्ष चालवू नये, हे प्रत्येक दुकानदार जाणतो. कागद घेताना मात्र प्रथम वरच्या ओळीत दोघांची नावे लिहावीत आणि मगच वजाबाकीस प्रारंभ करावा.