औषधाचे नाव मागू नका, तपासून घ्या

शरद ऋतू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: पित्त. छातीत जळजळ, आंबट ढेकर, सकाळची मळमळ, ठणकणारे कपाळ. पत्र दोन-चार ओळींचे असते आणि शेवटी एकच विनंती, आयुर्वेदातले चांगलेसे औषध सुचवा. केसगळती, बद्धकोष्ठ, उडालेली झोप, गुडघेदुखी, पाळीच्या तक्रारी यांबद्दलही असेच विचारले जाते. पत्रात वय नसते, चालू असलेल्या गोळ्यांचा उल्लेख नसतो, दुखणे कधीपासून आहे तेही नसते. अशा पत्राला औषधाचे नाव कळवणे हा अपराध ठरेल. तसे कळवणे आयुर्वेदाच्या शिस्तीतही बसत नाही.

पित्ताचीच तक्रार घेऊ. रात्रपाळी करणारा एक सुरक्षारक्षक आहे. मध्यरात्री वडापाव आणि चहा, पहाटे घरी येऊन लगेच आडवा. दुसऱ्या साठीच्या आजी आहेत. गुडघे दुखतात म्हणून महिनोन्महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतात. तिसरा पन्नाशीचा मधुमेही गृहस्थ. जिना चढताना त्याच्या छातीत जळजळते आणि थांबले की शमते. तिघेही म्हणतात, ‘पित्त झालंय.’ पहिल्याच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा सावरल्या तर औषधाची गरज कदाचित फारशी उरणार नाही. आजींच्या जठरात त्या गोळ्यांनी व्रण झालेला असू शकतो. तिसऱ्याला आधी हृदयाची तपासणी हवी, आणि तीही आजच्या आज.

आता या तिघांनी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून अविपत्तिकर चूर्ण आणले असे समजा. पित्तावरचे ते प्रसिद्ध औषध आहे. पण त्यात निशोत्तर हे रेचक आणि भरपूर साखर असते. ज्याचा कोठा आधीच हलका आहे त्याला जुलाब होतील, मधुमेह्याच्या पोटात नकळत साखर जाईल, आणि हृदयरोग असलेल्या माणसाचे मोलाचे दिवस चूर्ण चाटण्यात निघून जातील. औषध शास्त्रोक्त असूनही उपचार चुकलेला असेल, कारण माणूस तपासलाच गेला नाही.

चरकसंहितेने रोग्याची दहा अंगांनी परीक्षा करायला सांगितली आहे: प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. म्हणजे माणसाचा पिंड कसा, बिघाड कुठे झाला, बांधा कसा, काय पचते, किती सोसते, मन किती खंबीर, वय काय, हे सगळे पाहायचे. वाग्भटाने पाहणे, स्पर्श करणे आणि प्रश्न विचारणे अशी परीक्षेची तीन साधने सांगितली. पुढच्या काळात नाडी, मल, मूत्र, जीभ, आवाज, स्पर्श, डोळे आणि आकृती अशी अष्टविध परीक्षा रूढ झाली. चांगला वैद्य आजही विचारतो: भूक वेळेवर लागते का? शौचाला साफ होते का? झोप कशी आहे? ढेकर आंबट की करपट? मग तो औषध ठरवतो, त्याची मात्रा ठरवतो, ते कोमट पाण्यासोबत की तुपासोबत हे अनुपान सांगतो आणि पथ्य लिहून देतो. एवढे सगळे गाळून नुसती बाटली उचलली, तर हातात उरते ते फक्त एक रसायन.

या फरकाची किंमत मुंबईने एकाच वनस्पतीच्या बाबतीत पाहिली आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर काम केले. पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या आणि शस्त्रक्रिया व्हायच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीने गुळवेल देऊन त्यांनी परिणाम तपासला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष आशादायक होते. रुग्ण निवडलेले होते, औषध माहितीतले होते, मात्रा ठरलेली होती, रक्ताच्या तपासण्या होत होत्या आणि खाटेशेजारी डॉक्टर होते.

मग २०२० साल आले. कोविडच्या भीतीने घराघरांत गुळवेलीचे काढे उकळू लागले. आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२०च्या कोविड-मार्गदर्शनातही गुळवेल होती. कुणी अंगणातला वेल तोडला, कुणी रस आणला, कुणी गोळ्या घेतल्या आणि त्या महिनोन्महिने चालू ठेवल्या. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे असे सहा रुग्ण आले, ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि ज्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा आयुष मंत्रालयाने ती फेटाळली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखा दिसणारा दुसरा वेल असू शकतो, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी, अशा प्रकारची लक्षणे दिसली होती.

हा वाद ‘गुळवेल चांगली की वाईट’ असा रंगला आणि तिथेच अडकला. माझ्या मते दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून निघणारा धडा एकच आहे. वेल ओळखण्यात चूक होत असेल, तर जाणकाराशिवाय वेल तोडू नये. वेल अस्सल असूनही काहींच्या यकृताला इजा होत असेल, तर अशा माणसांना आधी ओळखणारा कुणीतरी हवा. ज्या औषधात शरीराची प्रतिक्रिया बदलण्याची ताकद आहे, ते एखाद्याला बाधण्याचीही शक्यता असते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य आयुर्वेदाचे नाही. नीट योजलेले विषही औषध होते आणि चुकीचे योजलेले औषधही विष होते, असे चरकाने स्पष्ट सांगून ठेवले आहे.

गुळवेलच कशाला, रोजच्या डब्या-बाटल्यांकडे पाहा. खोकल्यासाठी चघळायचे ज्येष्ठमध फार दिवस आणि फार प्रमाणात घेतले तर रक्तदाब वाढवते आणि शरीरातले पोटॅशियम उतरवते. रक्तदाबाच्या रुग्णाला ते माहीत हवे. पोट साफ करणाऱ्या कितीतरी चूर्णांमध्ये सोनामुखी असते. चार दिवसांसाठी आणलेले चूर्ण चार वर्षे चालते आणि मग त्याशिवाय शौचालाच होत नाही, अशी माणसे आपल्या आसपास कमी नाहीत. लवणभास्कर चूर्णात मीठ असते, च्यवनप्राशात साखर असते, आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्याच्या प्रक्रियेत तयार झालेले मद्य असते. अश्वगंधेमुळे थायरॉइडच्या पातळीत बदल झाल्याच्या नोंदी आहेत. ही औषधे टाकाऊ नाहीत. ती औषधे आहेत, एवढेच मला सांगायचे आहे.

धातूंची भस्मे आणि पारदयुक्त कल्प यांच्या बाबतीत तर कसलीही सूट नको. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली गेली, तेव्हा त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. परदेशातल्या मुलांसाठी सामानात पुड्या भरून देणाऱ्या आपल्या आई-वडिलांनी हे लक्षात ठेवावे. आपला कायदाही या बाबतीत गाफील नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ‘ई-१’ या परिशिष्टात बचनाग, कुचला, बिब्बा, धोतरा, गुंज, पारा, हरताळ अशा विषारी द्रव्यांची यादी आहे. ही द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, असा इशारा इंग्रजीत आणि हिंदीत छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो. बाटली उघडण्याआधी चष्मा लावून वाचावा.

सल्ला घ्यायचा कुणाकडून, हा पुढचा प्रश्न. बीएएमएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे, त्यात एक वर्ष आंतरवासिता असते. पदवीनंतर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी लागते. ती विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. वैद्याचे सोंग घेऊन फिरणाऱ्यांना चरकाने ‘छद्मचर’ म्हटले आहे, म्हणजे ही अडचण त्याच्याही काळात होती. आज जत्रेतला तंबू, फोनवर येणारी चित्रफीत आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात ही या सोंगाची ठिकाणे आहेत. मधुमेह, कर्करोग यांसह ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायलाच १९५४च्या कायद्याने बंदी आहे, त्यांची हमी देणाऱ्याकडे पाठ फिरवावी. वरळीचे पोदार, पुण्यातील ताराचंद, नागपूरचे शासकीय महाविद्यालय अशा ठिकाणी आयुर्वेदाचे बाह्यरुग्ण विभाग चालतात. तिथे विद्यार्थी सविस्तर इतिहास लिहून घेतात आणि वर अनुभवी वैद्य पाहतात. रोजच्या तक्रारींसाठी ही सोय पुष्कळांना परवडणारी आहे.

चांगल्या वैद्याची आणखी एक खूण आहे. तो आपली हद्द ओळखतो. रोग साध्य की असाध्य हे ठरवून मगच हात घालावा, हा चरकाचा आग्रह आहे. गुल्माच्या, म्हणजे पोटातल्या गाठीच्या, प्रकरणात शस्त्रकर्माची वेळ आली की तो अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यवैद्यांचा, असे तोच सांगतो. तेव्हा काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना घास अडकणे, कारण नसताना उतरणारे वजन, घामासह छातीतून हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ यांपैकी काही दिसले, तर लगेच रुग्णालयात पाठवणारा वैद्य परंपरेशी प्रामाणिक असतो. आयुर्वेदातल्या बहुतेक कल्पांच्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या अजून झालेल्या नाहीत, हेही तो मोकळेपणाने मान्य करतो. इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करायला तो कधीच सांगणार नाही.

आता आपली बाजू. चरकाने उपचाराचे चार पाय मानले: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. रोग्याकडूनही त्याने चार गुणांची अपेक्षा केली. आठवण असावी, सांगितलेले पाळावे, भित्रेपणा नसावा आणि आपले दुखणे नीट सांगता यावे. हा चौथा गुण आपल्याकडे सर्वांत दुबळा आहे. डॉक्टरांकडे काढ्याबद्दल बोलत नाही, कारण ते रागावतील. वैद्यांकडे स्टेरॉइडच्या गोळीबद्दल बोलत नाही, कारण त्यांना आवडणार नाही. दोघेही अर्धवट माहितीवर औषध लिहितात आणि दोन्ही औषधे एकाच पोटात एकत्र येतात.

हे लपवणे एकट्या रुग्णाचे पाप नाही. ‘कसला पालापाचोळा खाता’ असे एकदा ऐकलेला माणूस पुढच्या वेळी गप्पच बसतो. जो डॉक्टर न रागावता ‘आणखी काय काय घेता?’ असे विचारतो, त्यालाच यकृताच्या वाढलेल्या आकड्यांमागचे कारण सापडण्याची शक्यता असते. तसेच ‘ॲलोपॅथीने शरीर जळते’ म्हणणारा वैद्य रुग्णाच्या जिवाशी खेळतो. ग्रामीण महाराष्ट्रात लोकांना भेटणारा पहिला डॉक्टर पुष्कळदा बीएएमएसच असतो. दोन्ही बाजूंचे औषध त्याला ओळखीचे असते, म्हणून ही चौकशी तो सर्वांत चांगली करू शकतो.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती फार खर्चाची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत प्रत्येक केसपेपरवर एक ओळ छापावी: ‘सध्या चालू असलेले काढे, चूर्ण, भस्मे व इतर औषधे’. आयुर्वेदाच्या केसपेपरवर तशीच ओळ आधुनिक गोळ्यांसाठी असावी. ती रिकामी ठेवून पुढे जाता येऊ नये. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा देशात आहे, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय केंद्र आहे. ही ओळ रोज भरली गेली तर त्या यंत्रणेकडे खरी माहिती पोचेल, आणि कोणते औषध कुणाला मानवले, कुणाला बाधले हे पुढच्या वैद्याला कळेल. सरकारी आदेश निघेपर्यंत थांबायचे कारण नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाताना घरातली प्रत्येक बाटली, डबी आणि पुडी पिशवीत घालून न्या आणि त्यांच्या टेबलावर मांडा.