पोरांच्या मोबाईलमधला पॉइंट्स टेबल अम्मी-अब्बूंनीही वाचावा

ऑनलाईन गेमिंगचा नवा कायदा झाला तेव्हा टीव्हीवर चर्चा रंगली ती रमी, पोकर आणि ड्रीम इलेव्हनची. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने विधेयक मंजूर केले, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याच्या महिनाभर आधी आपल्या राज्यात माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला रमीचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. पुढे कृषी खाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडा खाते आले.

आमच्या पडेगाव-मिटमिट्याकडच्या पोरांच्या तोंडी मात्र रमी नसते. त्यांच्या तोंडी असतात बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स, आणि त्यासोबत ‘स्लॉट’, ‘रूम’, ‘फिनिश’, ‘पॉइंट्स टेबल’ असे शब्द. घरात यावर दोनच प्रतिक्रिया येतात. एक तर मोबाईल हिसकावून घ्यायचा, नाही तर ‘खेळतोय बिचारा, बाहेर तर फिरत नाही’ म्हणून सोडून द्यायचे. कायदा या दोन्हींच्या मधली एक रेघ ओढतो. ती रेघ समजायची तर आधी गुणांचा हिशेब समजून घ्यावा लागतो. तो पाचवीच्या गणिताएवढाच आहे.

बीजीएमआयच्या स्पर्धेत साधारणपणे १६ टीम असतात, प्रत्येक टीममध्ये चार खेळाडू. म्हणजे एका सामन्यात ६४ जण. गुण दोन वाटांनी मिळतात. पहिली वाट म्हणजे शेवटपर्यंत टिकणे. पहिल्या टीमला १०, दुसरीला ६, तिसरीला ५, चौथीला ४, पाचवीला ३, सहावीला २, सातवी आणि आठवीला प्रत्येकी १. नवव्यापासून सोळाव्यापर्यंत शून्य. दुसरी वाट म्हणजे समोरचा खेळाडू बाद करणे. त्याला ‘फिनिश’ म्हणतात आणि प्रत्येक फिनिशला १ गुण.

आता एक उदाहरण करून बघा. एक टीम पहिली आली, पण तिने तिघांनाच बाद केले. तिचे गुण १० अधिक ३, म्हणजे १३. दुसरी टीम चौथी आली, पण तिने दहा जण बाद केले. तिचे गुण ४ अधिक १०, म्हणजे १४. सामना एकीने जिंकला, टेबलमध्ये वर गेली दुसरी.

स्पर्धा एका सामन्यावर ठरत नाही. समजा सहा सामने आहेत. एका टीमने पहिला सामना आठ फिनिश करून जिंकला, तिला १८ गुण. मग हवेत गेली आणि पुढच्या पाच सामन्यांत प्रत्येक वेळी एकच फिनिश करून लवकर बाद झाली. एकूण २३. दुसरी टीम एकदाही जिंकली नाही, पण प्रत्येक वेळी पाचवी आली आणि तीन-तीन फिनिश घेतले. सहा गुणांप्रमाणे सहा सामने, एकूण ३६. दोघींचे गुण सारखे झाले तर कोणी जास्त सामने जिंकले ते बघतात, मग टिकण्याचे गुण, मग फिनिश. सगळे आधी जाहीर असते.

हे आकडेही विचार करून ठरवलेले असतात. पूर्वी पहिल्याला १५, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १० गुण मिळायचे. तेव्हा कोपऱ्यात लपून टिकून राहणेही फायद्याचे होते. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक वाढवला आणि टिकण्याचे एकूण गुण कमी केले, तेव्हा लढणाऱ्या टीमला भाव आला. नियम बदलला की खेळण्याची पद्धत बदलते. परीक्षेत तोंडी गुण किती आणि लेखी किती, यावर पोरांचा अभ्यास कसा बदलतो हे आम्ही शिक्षक रोज बघतो. तसेच हे.

इथपर्यंत टेबलमध्ये काही वाईट नाही. उलट ते चोख आहे. कोणीही बेरीज करून तपासू शकतो. मोठ्या स्पर्धाही अशाच चालतात. २०२४ ची बीजीआयएस स्पर्धा हैदराबादला झाली, बक्षिसाची रक्कम २ कोटी रुपये होती. ती रक्कम खेळाडूंनी वर्गणी काढून जमवलेली नव्हती. गेम चालवणाऱ्या कंपनीने स्पर्धा भरवली आणि बक्षीस दिले.

गडबड सुरू होते ती गल्लीतल्या ‘पेड रूम’मध्ये. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर मेसेज येतो, रात्री दहा वाजता रूम, स्लॉट २०० रुपये, यूपीआय करा, आयडी-पासवर्ड मिळेल. समजा १६ टीम आल्या तर ३२०० रुपये जमले. पहिल्याला १५००, दुसऱ्याला ८००. उरलेले ९०० रूम चालवणाऱ्याच्या खिशात. टेबल तोच, १०-६-५-४. पण आता बक्षीस म्हणजे हरलेल्या चौदा टीमचे पैसे. काही ठिकाणी तर टेबलही नसतो, थेट प्रत्येक फिनिशला ठरावीक रुपये. आणि हिशेब ठेवणारा कोण? तोच, ज्याच्या खात्यावर पैसे गेले. निकालाचा स्क्रीनशॉट त्याच्याकडे, बेरीज त्याची, तक्रार केली की ग्रुपमधून रिमूव्ह.

नवा कायदा नेमका इथे बोट ठेवतो. याआधी कोर्टात वाद असायचा तो कौशल्य की नशीब, यावर. नव्या कायद्याने तो वाद बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, जिंकून पैसे मिळतील या आशेने पैसे लावले तर तो ‘ऑनलाईन मनी गेम’. त्यावर बंदी. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आणि प्रोत्साहन आहे. तिथे प्रवेश फी चालते, पण ती स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चापुरती. कामगिरीवर बक्षीस चालते. पैज, डाव लावणे चालत नाही. शिवाय खेळाला कायद्याप्रमाणे मान्यता आणि नोंदणी हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरची रूम या व्याख्येत कशी बसणार?

आता पालकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावे अशी गोष्ट. हा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही. शिक्षा आहे ती मनी गेम चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. पैशांच्या व्यवहाराला हातभार लावणाराही सुटत नाही. मनी गेम चालवण्याचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या आहेत, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. अठरा-एकोणीस वर्षांचा कॉलेजचा पोरगा दर रात्री पाच-सातशे रुपये सुटतात म्हणून स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेतो आणि स्टेटसला रूमची जाहिरात लावतो, तेव्हा त्याला वाटते आपण ‘ऑर्गनायझर’ झालो. कागदावर तो दुसरेच काही झालेला असू शकतो. एकदा गुन्हा नोंद झाला की पासपोर्ट, नोकरीची चारित्र्य पडताळणी, वकिलाची फी, सगळे घरावर येते. आपल्या किती घरांना ते परवडते?

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, हा जुवा आहे का? फतवा देणे हे उलेमांचे काम, ते त्यांनाच विचारावे. पण विचारताना माहिती पुरी द्यावी. फिक्हच्या किताबांत घोड्यांच्या शर्यतीची आणि तिरंदाजीची चर्चा येते तेव्हाही बक्षीस तिसऱ्याने दिले की खेळणाऱ्यांनीच डाव लावला, हा फरक केलेला आहे. म्हणून ‘गेम खेळतो’ एवढेच सांगून भागत नाही. पैसा कोणी टाकला, कोणाला मिळाला, तेही सांगावे लागते.

आणखी एक गोष्ट टेबलमध्ये दिसत नाही. स्पर्धेचे गुण सहा सामन्यांत संपतात. पण गेमच्या आत दुसरी एक रँक असते. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे चढत वर एस आणि कॉन्करर. तिथे जिंकले तर गुण वाढतात, लवकर बाद झाले तर कमी होतात. कॉन्करर म्हणजे वरचे ५००, त्यामुळे आज पोचलात तरी उद्या खेळला नाहीत तर दुसरा पुढे जातो. आणि सिझन बदलला की रँक खाली येते, पुन्हा चढाई सुरू. स्पर्धेचा टेबल कौशल्य मोजतो, ही रँक त्यासोबत तुमचे तासही मागते. दहावीचे पोर रात्री दोनपर्यंत जागते ते बहुतेक वेळा या रँकसाठी. अठरा वर्षांखालच्यांना बीजीएमआयमध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, पण खाते भाईजानच्या किंवा अब्बूंच्या नंबरवर असेल तर ती मर्यादा कोणाला लागणार?

म्हणून मोबाईल हिसकावण्याआधी पोराशेजारी बसा आणि त्याच्याकडून पॉइंट्स टेबल समजून घ्या. तो खुशीने सांगेल, कारण घरात हे आजवर कोणी विचारलेले नसते. मग विचारा, स्लॉटचे पैसे कोणाला पाठवतोस? बक्षीस कोण देतो? बेरीज कोण करतो? खाते कोणाच्या नंबरवर आहे? रूम तू स्वतः तर चालवत नाहीस ना? उत्तरे ऐकताना आवाज चढवू नका. आणि महिन्याच्या शेवटी यूपीआयची हिस्टरी एकदा दोघांनी मिळून बघा. दोनशे-दोनशेच्या नोंदींची बेरीज किती झाली, ती त्यालाच करायला लावा.