पाहुण्याची वर्दी

गेल्या पौष महिन्यांत आमच्या वाशीमच्या घराला पुष्कळ वर्षांनीं भरल्या घराची शोभा आली. आमचा धाकटा पुतण्या अमेरिकेंतून पत्नी व आठ वर्षांचा मुलगा यांसह पांच आठवड्यांकरितां आला होता. वडील बंधू निवर्तल्यापासून वहिनी आमच्याजवळच असतात. त्यांचें वय आतां एक्याऐंशी. नातवाचें मुख त्यांनीं तोंवर मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलेलें. तो दारांत उभा राहिला तेव्हां भाकरतुकडा ओवाळून टाकतांना त्यांचा हात थरथरत होता, हें आम्हीं पाहिलें.

दुसऱ्याच दिवशीं वहिनींनीं आपला मनोदय सांगितला. नातवाला कारंज्यास श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानीं न्यावें, लोणारचें सरोवर दाखवावें, आणि जमल्यास अजिंठा पाहावा. अजिंठ्याचा आग्रह त्यांचा एकटीचा नव्हता, त्यामागें आमच्या बंधूंचा शब्द होता. वाशीम म्हणजे वाकाटकांची वत्सगुल्म नगरी. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. ‘आपल्या गांवच्या राजाच्या मंत्र्याचें काम एकदां पाहिलेंच पाहिजे,’ असें बंधू म्हणत, आणि वहिनींना नेण्याचें त्यांनीं कबूलही केलें होतें. संसाराच्या धांदलींत तें राहून गेलें, तें राहूनच गेलें.

कारंजें एका दिवसांत झालें. रात्रीं सर्व मंडळी घरीं परतली. अजिंठ्याचा प्रवास मात्र वहिनींस एका दमांत सोसणारा नव्हता. म्हणून असें ठरलें कीं, रिसोडवरून लोणार पाहावें, पुढें वाटेंतील एखाद्या गांवीं लॉजमध्यें रात्र काढावी, आणि सावकाशीनें अजिंठ्यास जावें. लोणार पाहून दिवेलागणीला आम्ही अशा एका गांवीं पोंचलों. लॉज स्वच्छ होता, खोल्या रिकाम्या होत्या. मॅनेजरनें ओळखपत्रें मागितलीं. पुतण्यानें तिघांचे पासपोर्ट पुढें ठेवतांच त्या गृहस्थाचा चेहरा पालटला. “साहेब, परदेशी पाहुणे आम्ही ठेवीत नाहीं,” तो म्हणाला. पुतण्यानें आपलें ओसीआय कार्ड दाखविलें. “तुमचें ठीक आहे हो, पण बाईंचें आणि मुलाचें काय? सी फॉर्म भरावा लागतो. आमच्याकडे ती सोय नाहीं. उद्यां पोलीस आले तर उत्तर कोण देणार?”

दुसऱ्या लॉजमध्यें हेंच झालें. तिसऱ्या ठिकाणचा मनुष्य दयाळू होता. तो गाडीपाशीं येऊन वहिनींस म्हणाला, “आजी, तुम्ही आणि हे काका राहा, बाकीच्यांचें बघा कुठें.” त्यावर वहिनी शांतपणें म्हणाल्या, “जेथें माझ्या नातवाला जागा नाहीं, तेथें मला झोप यायची नाहीं, बाबा. चला.”

रात्रीं बाराच्या सुमारास आम्ही छत्रपति संभाजीनगरास पोंचलों. तेथील एका मोठ्या हॉटेलांत पासपोर्ट पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडली नाहीं. पांच मिनिटांत संगणकावर नोंद झाली आणि खोल्यांच्या किल्ल्या मिळाल्या. पैसे मात्र लॉजच्या पांचपट पडले. ते पुतण्यानें दिले, आणि त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार दुसऱ्या गोष्टीची आहे. त्या रात्रीच्या दगदगीनें वहिनींस सकाळीं उठवेना. त्या हॉटेलांतच पडून राहिल्या, आम्ही त्यांच्याजवळ थांबलों, आणि मुलें अजिंठा पाहून आलीं. तिकिटाची हकीकत सूनबाईंनीं हंसत सांगितली. २०१८ पासून तेथें भारतीयांस चाळीस रुपये व बहुतेक परदेशीयांस सहाशें रुपये असा दर आहे. ओसीआय कार्ड असणाऱ्यास भारतीयाचाच दर लागतो, म्हणून नवऱ्यास चाळीस व बायकोस सहाशें. मुलगा पंधरा वर्षांच्या आंतला, त्यास कांहींच नाहीं. वहिनींचें चाळीस रुपयांचें तिकीट काढावयाचेंच राहिलें.

घरीं परतल्यावर आम्हीं त्या लॉजवाल्यांस मनांत पुष्कळ दूषणें दिलीं. परंतु चाळीस वर्षें मुलांना ‘आधीं वाचा, मग बोला’ असें शिकविलें, तेव्हां आपणही आधीं वाचावें म्हणून बसलों. जें कळलें तें वाचकांपुढें ठेवतों. कारण आज आपल्या समाजांत ज्यांचें कोणी परदेशीं नाहीं असें घर विरळाच सांपडेल.

परदेशी मनुष्य आपल्याकडे मुक्कामास आला असतां त्याची वर्दी चोवीस तासांच्या आंत सरकारच्या नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी, हा नियम नवा नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, १९३९ सालीं, परदेशीयांच्या नोंदणीचा कायदा व त्याचे नियम झाले. ‘सी फॉर्म’ हा त्या नियमांतला नमुना, आणि लोकांच्या तोंडीं तेंच नांव अजून आहे. पुढें १९४६ च्या परदेशी व्यक्तींसंबंधींच्या कायद्यानें हॉटेलवाले आदिकरून जागा देणारांवर हीच जबाबदारी घातली, आणि त्या कायद्याच्या भंगास पांच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. हे दोन्ही कायदे आतां उरले नाहींत. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागीं इमिग्रेशन व परदेशी व्यक्तींविषयींचा एकच नवा कायदा आला. वर्दीची जबाबदारी मात्र त्यांतही कायम आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीं नोंदणी अधिकाऱ्याचें काम पोलीस अधीक्षक पाहतात. लॉजवाल्यानें संकेतस्थळावर एकदां आपलें नांव नोंदवून घ्यावयाचें. पुढें प्रत्येक परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट, व्हिसा, येण्याचा दिवस व पुढचा मुक्काम इतकी माहिती भरावयाची. त्यास शुल्क पडत नाहीं.

ओसीआय कार्डाविषयींही एक गैरसमज आढळतो. या कार्डाच्या नांवांत ‘नागरिक’ हा शब्द आहे, पण तें नागरिकत्व नव्हे. आपल्या देशांत दुहेरी नागरिकत्व नाहीं; परक्या देशाचें नागरिकत्व पत्करलें कीं १९५५ च्या कायद्यान्वयें येथील संपतें. कार्डानें आजन्म येण्याजाण्याची मुभा मिळते, कितीही दिवस राहिलें तरी स्वतः जाऊन नोंदणी करावी लागत नाहीं, देशांतील विमानभाडें व लेण्यांचें तिकीट भारतीयाप्रमाणें पडतें. परंतु ही सवलत ज्याचें कार्ड त्याचीच. बायकोस व मुलास ती आपोआप लागत नाहीं.

हें वाचीत असतां एके ठिकाणीं आमची बोटें थबकलीं. १९४६ च्या कायद्याची भाषा मोबदला घेऊन जागा देणारासंबंधीं होती. परंतु सरकारी संकेतस्थळावर हॉटेल, अतिथिगृह, धर्मशाळा यांच्याच पंक्तीला खाजगी घरही लिहिलेलें आम्हीं पाहिलें. म्हणजे त्या मॅनेजरवर आम्ही रागावलों होतों, आणि आमच्याच घरीं सूनबाई व नातू तीन आठवडे राहत होते, त्यांची वर्दी आम्हीं दिलेली नव्हती! त्या बापड्यानें नियमाच्या भीतीनें पाहुणा परत पाठविला. आम्हीं नियम ठाऊक नसल्यानें तो मोडला. त्याच संध्याकाळीं पुतण्यास शेजारीं बसवून आम्हीं ती माहिती भरून टाकली. अर्धा तास लागला. उशीर झाला तो झाला. तो लपवावा असें मात्र वाटलें नाहीं.

वहिनी सर्व ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, घरच्या नातवाची चौकींत वर्दी द्यायची म्हणजे जरा चमत्कारिकच नाहीं का?” त्यांस आम्हीं कौटिल्याचें उत्तर दिलें. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नगराच्या व्यवस्थेचें प्रकरण आहे. धर्मशाळेच्या चालकानें वाटसरूंची वर्दी देऊन मगच त्यांस राहूं द्यावें, गृहस्थानें घरीं येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याची वर्दी द्यावी, न दिल्यास त्या रात्रीं घडणाऱ्या अपराधाचा दोष त्याच्या माथीं यावा, आणि रात्र सुखरूप गेली तरी तीन पण दंड द्यावा, असें तेथें सांगितलें आहे. कारागिरांनीं आपल्या माणसांस आपल्या कामाच्या जागीं ठेवून घ्यावें, असेंही त्याच ठिकाणीं आहे. म्हणजे वर्दी देणें हा पाहुण्याचा अपमान नव्हे. तें यजमानाचें कर्तव्य आहे, आणि पाहुण्यास आंत घेणें हें त्याच्या आधींचें कर्तव्य आहे. वर्दी टाळण्याकरितां जो पाहुणाच टाळतो, त्याच्या हातून दोन्हीं राहून जातात.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असेंही नाहीं. थायलंडांत १९७९ च्या कायद्यानें घरमालकावर हीच चोवीस तासांची वर्दी घातली आहे. तेथें घरमालकास दोन हजार बाथपर्यंत व हॉटेलवाल्यास दहा हजार बाथपर्यंत दंड होऊं शकतो. २०१९ च्या सुमारास ह्या नियमाची अंमलबजावणी कडक झाली. तेथें बायकामुलांसह वर्षानुवर्षें राहणारे परदेशी गृहस्थ दोन दिवस दुसऱ्या प्रांतांत सहलीस जाऊन परतले, तरी घरीं आल्याची वर्दी पुन्हां द्यावी, असा प्रसंग येऊं लागला. साहजिकच सहलीस निघण्यापूर्वीं लोक दोनदां विचार करूं लागले. पुढें २०२० च्या जूनमध्यें तेथील सरकारनें जुन्याच पत्त्यावर परत येणाऱ्या कांहीं परदेशीयांस ही फिरून वर्दी देण्यांतून मोकळें केलें. नियम टिकला, त्याचा जाच कमी झाला.

आपल्याकडे जाच नियमाचा फारसा नाहीं. तो नियमाच्या धास्तीचा आहे. वर्षांतून चार परदेशी पाहुणे यावयाचे, त्यांच्याकरितां संकेतस्थळाची यातायात कशाला, असा हिशेब लहान लॉजवाला करतो. तो अगदींच खोटा नाहीं. पण त्याचा परिणाम काय होतो तें पाहावें. ज्याच्याजवळ खर्चावयास चार पैसे आहेत तो पाहुणा लहान गांवांतून उठून मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत जातो. लॉजचें भाडें जातें, शेजारच्या खानावळीचें रात्रीचें जेवण जातें, सकाळचा पोहे-चहा जातो, रिक्षावाल्याची फेरी जाते. आमच्या जिल्ह्यांत शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास आणि कारंज्यास दत्तभक्त येतात. त्यांच्या कुटुंबांतही आतां परदेशीं जन्मलेलीं मुलें आहेत. रात्रीं राहावयास जागा नाहीं म्हटल्यावर तीं मंडळी दर्शन घेऊन घाईनें निघून जातात. मुलाच्या मनांत आजोळचा ठसा उमटावयास एक रात्र तरी तेथें निजावें लागतें. आणि हा खर्च केवळ पैशाचा नसतो, हें आम्हीं त्या सकाळीं वहिनींच्या उशाशीं बसून शिकलों.

म्हणून आमच्या वाचकांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. परदेशांतून मंडळी येणार असतील तर मुक्कामाचीं ठिकाणें आधीं ठरवावीं, आणि प्रत्येक ठिकाणीं दूरध्वनीवरून ‘परदेशी पासपोर्टाची नोंद तुम्ही करतां काय?’ हा एकच प्रश्न स्पष्ट विचारावा. पासपोर्ट व व्हिसा यांच्या दोन-दोन प्रती जवळ ठेवाव्या. मुलगा ओसीआय झाला असेल तर नातवंडांचेंही कार्ड करून घ्यावयास सांगावें. नोंदणी झालेल्या विवाहास दोन वर्षें होऊन गेलीं असल्यास सुनेसही त्याकरितां अर्ज करतां येतो. आणि आपल्या घरीं उतरलेल्या परदेशी आप्तांविषयीं जिल्हा पोलीस कार्यालयांत आधीं विचारून घ्यावें. ‘आपलेंच मूल आहे’ म्हणून स्वस्थ बसूं नये. ज्यांच्या ओळखीचे लॉजमालक असतील, त्यांनीं त्यांस हें काम एकदां शेजारीं बसून शिकवावें. आम्हीं गांवांतील एका लॉजमालकाच्या मुलास, तो आमचा जुना विद्यार्थी, असें बसविलें. त्यालाही अर्धा तासच लागला.

पुतण्या, सूनबाई व नातू माघांत परत गेले. पुढील वर्षीं पुन्हां येण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे, आणि सूनबाई व नातू यांच्या कार्डांचे अर्ज तिकडून केल्याचें परवांच कळविलें. आम्हीं मधल्या काळांत अजिंठ्याच्या वाटेवरील सात लॉजांत दूरध्वनी केला; त्यांपैकीं दोघे नोंद करतात असें समजलें. त्यांचीं नांवें व क्रमांक आमच्या टिपणवहींत लिहून ठेवले आहेत. वहिनींस तें सांगितलें तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, “मग ह्या खेपेस वाटेंत दोन रात्री राहूं हो, भाऊजी. घाई नको.” वय एक्याऐंशी आहे, परमेश्वरानें तेवढी सवड द्यावी, ही प्रार्थना. आमच्या बाजूची तयारी मात्र आम्हीं करून ठेवली आहे.