स्वप्नातल्या बाईनं सांगितलेली नावं

जुळं होणार म्हटल्यावर मराठी घरात नावांच्या तीन याद्या होतात. दोघे मुलगे झाले तर, दोघी मुली झाल्या तर, आणि एक-एक झालं तर. गर्भाचं लिंग आधी सांगायला 1994च्या कायद्यानं बंदी आहे, आणि ती हवीच. त्यामुळे तिन्ही याद्या शेवटपर्यंत सांभाळाव्या लागतात. नायजेरियातल्या योरुबा लोकांनी ही कटकटच ठेवलेली नाही. आधी येणारं बाळ तायवो, मागून येणारं केहिंदे, मग मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे मात्र घरातला व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो.

माझ्या भाचीला जुळं आहे हे सोनोग्राफीत कळलं, त्या संध्याकाळीच पहिली यादी येऊन पडली. सगळी यमकं. रिद्धी-सिद्धी, अन्वी-तन्वी, विहान-निहान. जुळ्यांच्या नावांत यमक पाहिजेच, हा नियम कुणी काढला कोण जाणे. सुमित्रेचे जुळे लक्ष्मण आणि शत्रुघ्न, माद्रीचे नकुल आणि सहदेव. यमकाचं नाव नाही. वाल्मीकींच्या आश्रमात सीतेची बाळं जन्मली तेव्हा तर थोरल्याला मंतरलेल्या कुशानं पुसलं म्हणून तो कुश आणि धाकट्याला लवानं, म्हणजे त्याच दर्भाच्या खालच्या भागानं, म्हणून तो लव. हाताशी जे होतं त्यावरून नावं पडली. पुढे लोकांनी धाकट्याचं नाव आधी घ्यायला सुरुवात केली, ते सोडा.

भाचीला दोघी मुली झाल्या. सासूबाईंनी यमकांची यादी बाजूला सारली आणि पंचांग उघडलं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, एकशेआठ आद्याक्षरं. एक चरण साधारण सहा तासांचं, आणि मुली जन्मल्या काही मिनिटांच्या अंतरानं. तेव्हा दोघींना एकच अक्षर येणार हे उघड होतं. आलं हस्ताचं चौथं चरण. अक्षर 'ठ'.

आता 'ठ'वरून एक नाव सुचताना घाम फुटतो, इथं दोन हवी होती. ठमा आणि ठकू यांच्या पुढे कुणाची गाडी जाईना. दिरानं 'ठुमरी' सुचवलं आणि स्वतःच हसला. नावरस नाव पत्रिकेपुरतं वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं, अशी सोय आपल्या शहाण्या पूर्वजांनी करून ठेवली आहे, पण सासूबाईंना ती पळवाट वाटत होती. मुलींची आत्या बारशाला पुण्याहून यायची होती आणि कानात 'कुर्र' करण्याचा मान तिचा असल्यामुळे तिचीही एक यादी तयार होती. या सगळ्या गदारोळात बाळांच्या आईला काय आवडतं, हे विचारायचं राहूनच गेलं. एकदा तिनं आपणहून सांगून पाहिलं, तर "बघू गं, अजून वेळ आहे" असं उत्तर मिळालं.

वेळ खरंच होता. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, पण ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण बारसं बाराव्या दिवशी होतं आणि मंडप सांगून झाला होता.

दहाव्या दिवशी, शेक-शेगडी चालू असताना, भाची सहज म्हणाली, "सातव्या महिन्यात मला एक स्वप्न पडलं होतं. सांगायचं राहूनच गेलं." एसटी स्टँड, संध्याकाळ, नऊवारीतली एक अनोळखी म्हातारी. गाडी लागलेली. आणि ती म्हातारी फलाटावर खेळणाऱ्या दोन मुलींना ओरडून बोलावतेय, "ए इंदू, ए रेवा, चला गं, गाडी सुटली!"

घर गप्प झालं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "म्हातारीचं कुंकू आडवं होतं की गोल?" भाची म्हणाली, "आडवं." सासूबाईंनी पंचांग मिटलं. त्यांच्या आजेसासूबाई आडवं लावत.

गरोदरपणी, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, स्वप्नं लक्षात राहतात यात आश्चर्य काही नाही. 1953 साली शिकागोच्या संशोधकांनी झोपेतली ती डोळे भिरभिरण्याची अवस्था दाखवून दिली. त्या अवस्थेत माणूस जागा झाला की स्वप्न आठवतं. पोटात दोन जीव असलेली बाई कूस बदलायला, पाणी प्यायला, बाथरूमला रात्रभर उठतच असते. स्वप्न आठवण्याचं हे झालं कारण. घर गप्प का झालं, हे त्यातून कळत नाही.

आवडीशी वाद घालता येतो, स्वप्नाशी नाही. विवेकानंदांच्या आईनं, भुवनेश्वरीदेवींनी, काशीच्या वीरेश्वराला नवस केला आणि स्वप्नात शंकर पाहिला. 1863 साली मुलगा झाल्यावर काहींना आजोबांच्या नावावरून दुर्गादास ठेवायचं होतं. आईनं वीरेश्वर म्हटलं आणि विषय संपला. घरात तो 'बिले' झाला. नरेंद्रनाथ हे व्यवहारातलं नाव नंतर आलं. रामकृष्णांचं गदाधर हे नावही स्वप्नातलंच, पण ते वडिलांच्या, गयेला पडलेल्या. आपल्या संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला तोही स्वप्नात. ब्राह्मण घरातल्या बाईनं शूद्र गुरू करणं नवऱ्याला मुळीच पसंत नव्हतं, आणि तिला जागेपणी ते कुणी करू दिलं नसतं. झोपेतल्या गुरूला मात्र उंबऱ्यावर कोण अडवणार?

माझ्या लहानपणी आमच्या आळीतही बायकांना अशी स्वप्नं पडत. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, पण स्वप्नात नाव सांगणारे बाबा-महाराज बहुतेक वेळा मुलाचंच नाव सांगत. तेवढ्यावर त्या बाईचे नऊ महिने जरा बरे जात असावेत. मुलगी झाली की पुढचं काय, ते मी इथं लिहीत नाही. म्हणून दोन मुलींना हाका मारणारी ही एसटी स्टँडवरची म्हातारी मला फार आवडली.

बारसं झालं. आत्यानं आपली यादी पर्समध्येच ठेवली आणि इंदू, रेवा अशी कुर्र केली. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम सक्तीचा आहे. त्यामुळे त्या दोघींच्या दाखल्यावर आईही आहे आणि आईनं आणलेली नावंही.

पाहुणे गेल्यावर मी तिला गाठलंच. "स्वप्न पडलं होतं ना खरंच?"

"पडलं होतं गं मावशी. म्हातारी ओरडलीही होती. पण एकच नाव, रेवा. दुसरं मी घातलं. नाहीतर एकीला 'ठ' लागला असता."

"आणि आडवं कुंकू?"

"ते त्यांनी विचारलं म्हणून."

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सासूबाई हे वर्तमानपत्र घेत नाहीत. पण बाई हुशार आहेत. गेल्या आठवड्यात पहाटे त्यांच्या स्वप्नात खंडोबा आला. जावळ जेजुरीलाच काढायचं, आणि तेही दोघींचं एकाच दिवशी, असं म्हणाला म्हणे. भाचीनं पुण्यात हॉल बघून ठेवला होता. तो तिनं मुकाट्यानं रद्द केला.